पाच ऑलिंपिक, पदक एकही नाही. लेकीला पाठवू का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून तार्तूला गेलात, लेक आता तिथल्या एस्टोनियन शाळेत नववीला आहे आणि दहावीपासून तिला ओटेपाच्या क्रीडा-शाळेत बायथलॉन, म्हणजे बर्फावर स्कीने शर्यत आणि मधेमधे रायफलची नेमबाजी असा जोडखेळ, शिकायला जायचंय. तिच्या प्रशिक्षकांनी एस्टोनियाचे बायथलॉन खेळाडू इंद्रेक तोब्रेलुत्स यांचं उदाहरण दिलं. तुम्ही घरी येऊन त्यांची माहिती काढलीत आणि मला लिहिलंत, "पाच ऑलिंपिक खेळले, पदक एकही नाही. चाळिशी जवळ आली तरी पळतच होते. याला करिअर म्हणायचं का?"

म्हणायचं. अगदी मनापासून सांगते.

तोब्रेलुत्स १९७६ साली तार्तूतच जन्मले, म्हणजे तुमच्याच गावचे. ते तुमच्या लेकीच्या वयाचे होते तेव्हा, १९९१ मध्ये, एस्टोनिया सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झाला. १९९८ ला नागानो हे त्यांचं पहिलं ऑलिंपिक. मग सॉल्ट लेक सिटी, तुरिन, व्हँकुव्हर आणि २०१४ ला सोची. सोळा वर्षं! जेमतेम १३ लाख वस्तीचा देश, समोर नॉर्वे आणि जर्मनीचे संघ. अशा ठिकाणी पाच वेळा पात्र ठरायचं म्हणजे दर हिवाळ्यात स्वतःची जागा नव्याने कमवायची. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ज्या कामात माणूस मुरला, तेच पुढच्या पिढीच्या हाती द्यायला मिळालं. पदकाच्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही, म्हणून तुम्हाला ते रिकामं वाटलं.

या खेळात माणूस नेमकं काय शिकतो, ते एकदा जवळून बघा. ओटेपाला तेहवांडीच्या मैदानावर स्पर्धा असेल तेव्हा नेमबाजीच्या जागेजवळ उभ्या राहा. चढ चढून खेळाडू येतो, पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल, छाती भात्यासारखी हलतेय. तो चटईवर आडवा होतो. ५० मीटरवर पाच काळे ठिपके असतात, आडवं पडून मारताना प्रत्येक ४५ मिलिमीटरचा, म्हणजे लिंबाएवढा. उभं राहून मारताना ११५ मिलिमीटरचा. दोन श्वास, मग अर्धा सोडून थांबायचं, बोट हळूच मागे. ठिपका पांढरा झाला की पुढचा. एक चुकला की बहुतेक शर्यतींत १५० मीटरचा जादा फेरा, आणि तो पळत असताना तीन जण पुढे निघून जातात. पुढच्या नेमाला मागची चूक डोक्यातून काढूनच यावं लागतं. पंधराव्या वर्षी हे शिकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून माझं मत: पाठवा. पण तीन गोष्टी आधी बघा, आणि त्यातली पहिली कुणी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही.

ऑलिंपिकमध्ये एस्टोनियाकडून खेळायचं तर एस्टोनियाचं नागरिकत्व लागतं. त्यासाठी साधारण आठ वर्षांचं वास्तव्य आणि एस्टोनियन भाषेची परीक्षा असते, शिवाय जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) मिळू शकतं, पण भारताचा निळा पासपोर्ट जातो. आजी-आजोबांना हे अचानक कळलं तर घरात वादळ होईल. आत्ताच, लेकीला समोर बसवून बोला. तिला हे माहीत असायलाच हवं. अल्पवयीन मुलांसाठीचे नियम थोडे वेगळे आहेत, ते सरकारी कार्यालयात जाऊन विचारा.

दुसरं शिक्षण. औदेंतेस क्रीडा-शाळेच्या ओटेपा शाखेत खेळाबरोबर बारावीपर्यंतचा नेहमीचा अभ्यास होतोच. प्रवेशाच्या वेळी एवढंच विचारा, की स्पर्धांच्या महिन्यांत बुडलेले तास कसे भरून काढतात. पुढे तार्तू विद्यापीठात क्रीडाविज्ञान आणि फिजिओथेरपी आहे, आणि ओटेपा तिथून चाळीसेक किलोमीटरवर. शर्यती सुरू असतानाच पदवी घेता येईल असा हा रस्ता आहे. तो निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवू नका, पहिल्या वर्षापासून धरा.

तिसरं पोटापाण्याचं. आपल्या डोक्यात रेल्वेची नोकरी असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी सांभाळत २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. अंतर तेच ५० मीटर, गोळीही .२२चीच! पण क्रीडाकोट्यावर सरकारी नोकरी हा आपल्याकडचा हिशेब तिकडे गृहीत धरू नका. बायथलॉनभोवती कामं मात्र आहेत: स्कीला मेण लावणारे तंत्रज्ञ, नेमबाजीचे प्रशिक्षक, स्पर्धांचं आयोजन. २०२७ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तर ओटेपालाच आहे. तिला तिथे स्वयंसेवक म्हणून काम करू द्या. ट्रॅकमागची माणसं काय करतात ते तिला कळेल, आणि कदाचित नेमपट्टीपेक्षा मेणाची खोलीच आवडेल. तसं झालं तर तेही चांगलंच.

तुम्ही लिहिलंय, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती उन्हाळ्यातही पार्किंगमध्ये रोलर-स्कीवर, म्हणजे चाकांच्या स्कीवर, फेऱ्या मारताना दिसते, कुणी सांगितलेलं नसताना. हे वाक्य मी वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं. मुलीला काय हवंय हे तुम्हाला खिडकीतून दिसतंच आहे, ताई.

शेवटी, तुम्हाला वाटणाऱ्या बंदुकीच्या भीतीबद्दल. रायफल कुठे कुलूपबंद राहणार, किल्ली कुणाकडे, सरावाबाहेर ती कोण हाताळू शकतं, हे तिघांनी मिळून क्लबला विचारा. बायथलॉनमध्ये रायफल हाताळताना निष्काळजीपणा झाला तर खेळाडूला थेट बाद करतात, त्यामुळे तिचे प्रशिक्षक या प्रश्नांना कंटाळणार नाहीत. प्रवेश परीक्षेच्या तारखा कळल्या की मला कळवा.