दुकानातला एक संगणक, तीन खाती

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. संगणक एकच, विंडोज ११ चा. खातंही एकच आणि त्याला पासवर्ड नाही. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबारा, गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप वेबवरून येणाऱ्या फाइली, सगळं त्याच्यावरच चालतं. माझं जीएसटी रिटर्न आणि बँकही त्याच्यावरच. भाचा म्हणतो, ब्राउझर मर्यादित अधिकारांच्या खात्यातून चालव, म्हणजे व्हायरस काहीच करू शकणार नाही. संगणक दुरुस्त करणारे म्हणतात, ते जुन्या काळचं झालं, आता ब्राउझरच पुरेसा सुरक्षित असतो. ताई, कुणाचं ऐकू? (एक वाचक, जि. रत्नागिरी)

उत्तर : भाच्याचं ऐका, पण तो सांगतो त्या कारणासाठी नव्हे. मी पतसंस्थांचे आणि छोट्या दुकानांचे संगणक सांभाळते. तुमच्यासारखी मांडणी मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाच्याचा सल्ला येतो विंडोज एक्सपीच्या काळातून. २००१ साली आलेल्या त्या विंडोजमध्ये घरी किंवा दुकानात उघडलेलं पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचंच, म्हणजे संगणकात काहीही बदलण्याचे पूर्ण अधिकार असलेलं असायचं आणि इंटरनेट एक्सप्लोररही त्याच पूर्ण अधिकारांनी चालायचा. ब्राउझरमध्ये एक भोक सापडलं की नुसतं पान उघडल्यावरही चोरटा प्रोग्राम थेट विंडोजच्या फोल्डरात जाऊन बसू शके. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्याच मायकेल हॉवर्ड यांनी ‘ड्रॉप माय राइट्स’ नावाचा एक छोटा प्रोग्राम दिला. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असलात तरी ब्राउझरपुरते अधिकार कापून तो उघडायचा, एवढंच त्याचं काम. यामागचा विचार आणखी जुना आहे. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात तो मांडला होता : प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत, जास्त नाहीत. दुकानात कामाला ठेवलेल्या मुलाच्या हाती आपण तिजोरीची किल्ली देत नाही, तसंच हे.

दुरुस्तीवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही. २००७ साली व्हिस्टाबरोबर ‘हा प्रोग्राम बदल करू पाहतोय, चालेल का?’ असं विचारणारी खिडकी आली. २००८ साली क्रोम आला तो सँडबॉक्स, म्हणजे पानाला कोंडून ठेवणारी व्यवस्था घेऊन. त्यात पान ज्या प्रक्रियेत चालतं तिला स्वतःहून तुमची एक फाइलही उघडता येत नाही. प्रत्येक गोष्ट मुख्य ब्राउझरकडे मागावी लागते. फायरफॉक्सनेही पुढे हीच वाट धरली. त्यामुळे आज उघडलेल्या पानापुरतं बोलायचं तर ब्राउझर त्याला मर्यादित खात्याहूनही आवळून ठेवतो. ब्राउझर अद्ययावत असला पाहिजे, एवढी अट आहे.

मग वेगळं खातं हवं कशाला? तुमच्या दुकानात धोका पानातून कमी आणि डाउनलोडमधून जास्त येतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मेलवर पाठवलंय, प्रिंट काढा.’ तुम्ही फाइल उतरवता आणि डबल क्लिक करता. ती पीडीएफसारखी दिसणारी पण प्रत्यक्षात ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम असेल, तर त्या क्षणी सँडबॉक्सचा संबंध संपला. ती फाइल तुमच्या खात्याच्या अधिकारांनी चालते. खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असेल तर फार तर ती परवानगीची खिडकी येते, आणि काउंटरवर पाच माणसं ताटकळत असताना ‘यस’वर बोट जातंच. त्या खिडकीला खुद्द मायक्रोसॉफ्टही सुरक्षेची भिंत मानत नाही. खातं स्टँडर्ड, म्हणजे भाचा म्हणतो तसं मर्यादित अधिकारांचं असेल तर तिथे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. तो आठवून टाइप करावा लागतो आणि तेवढ्यात माणूस विचार करतो. मला हा थांबा फार मोलाचा वाटतो.

आता भाचा चुकतो ते इथे. स्टँडर्ड खातं विंडोजला वाचवतं, तुम्हाला वाचवत नाही. तुमची कागदपत्रं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिन टिकवून धरणाऱ्या कुकी या सगळ्या गोष्टी तुमच्याच खात्याच्या असतात आणि तुमच्या खात्यात चालणारा कुठलाही प्रोग्राम त्या वाचू शकतो. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर व्हायची गरजच नाही. पासवर्ड आणि कुकी चोरणारे प्रोग्राम याच वाटेने काम करतात. चोरलेल्या कुकीमुळे पुष्कळ ठिकाणी पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न देता आत शिरता येतं. क्रोमने २०२४ मध्ये विंडोजवर कुकींना आणखी एक कुलूप लावलं. ते चांगलंच झालं, पण फक्त त्याच्या भरवशावर बँक ठेवू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचंही असंच. ज्या फाइलींवर तुम्ही लिहू शकता, त्या तोही बिघडवू शकतो.

म्हणून माझा आग्रह आहे की गिऱ्हाइकांचं काम आणि तुमचा पैसा एका खात्यात राहू नये. तीन खाती करा. ‘मालक’ हे ॲडमिनिस्ट्रेटरचं, फक्त काही इन्स्टॉल करण्यापुरतं. ‘दुकान’ हे स्टँडर्ड, दिवसभराच्या कामाचं. ‘हिशेब’ हेही स्टँडर्ड, त्यात फक्त बँक, जीएसटी आणि तुमचं स्वतःचं मेल. एका स्टँडर्ड खात्याला दुसऱ्याचं घरचं फोल्डर, म्हणजे त्याची डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स जिथे असतात ते, उघडता येत नाही, म्हणजे ‘दुकान’मध्ये घाण शिरली तरी ‘हिशेब’मधल्या कुकी आणि फाइली तिला दिसत नाहीत.

क्रम मात्र पाळा. संगणकावर एक तरी ॲडमिनिस्ट्रेटर लागतोच, म्हणून आधी नवं ‘मालक’ खातं तयार करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर यूजर्स, मग ॲड अकाउंट. मायक्रोसॉफ्टचा इमेल मागितला तर ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ आणि त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हे पर्याय निवडा. त्याला चांगला पासवर्ड द्या, प्रकार बदलून ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि एकदा त्यातून आत जाऊन बघा. त्यानंतरच तुमचं सध्याचं खातं स्टँडर्ड करा. तेच आता ‘दुकान’. मग ‘हिशेब’ काढा. बँकेचे, जीएसटीचे आणि मेलचे पासवर्ड या नव्या खात्यातून बदला आणि जुन्या खात्याच्या ब्राउझरमध्ये साठलेले सगळे पुसून टाका. हे राहिलं तर बाकीची मेहनत वाया जाईल. ‘मालक’चा पासवर्ड कागदावर लिहून घरी कपाटात ठेवा, मॉनिटरवर चिकटवू नका.

आता डी ड्राइव्ह. याबद्दल सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे संगणक जोडून घेताना हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडतात आणि ‘फॉरमॅट मारलं तरी डेटा राहील’ म्हणून सगळं महत्त्वाचं डीवर ठेवतात. पण विंडोज खात्यांची घरची फोल्डरं बंद ठेवतं ती सीवर. डीवर मुळातच संगणकाच्या सगळ्या खात्यांना वाचण्याची, बदलण्याची, पुसण्याची मुभा असते. म्हणजे तीन खाती केलीत आणि हिशेबाच्या फाइली डीवरच राहिल्या, तर ‘दुकान’मध्ये शिरलेला प्रोग्राम त्या खुशाल वाचेल आणि बिघडवेलही.

यावर सोपा उपाय म्हणजे त्या फाइली ‘हिशेब’ खात्याच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवा आणि दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढा. प्रत काढून झाली की डिस्क संगणकातून सोडवून ठेवा, कारण जोडलेली डिस्क खंडणीवाल्या प्रोग्रामलाही दिसते. डीच हवा असेल तर तिथे नवं फोल्डर करा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड इथे वरच्या फोल्डरकडून येणाऱ्या परवानग्या तोडा, पण आहेत त्यांची नोंद कायम ठेवण्याचा पर्याय घ्या. आधी ‘हिशेब’ला पूर्ण परवानगी द्या, मग ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ आणि ‘यूजर्स’ या दोन नोंदी काढा. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्सना हात लावू नका. जुन्या फाइली या फोल्डरात कट-पेस्ट करू नका, कॉपी करा आणि मग मूळच्या पुसा. त्याच ड्राइव्हवर सरकवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते. डी एक्सफॅट किंवा फॅट ३२ प्रकारचा असेल तर परवानग्यांचा प्रश्नच येत नाही, तिथे त्या असतच नाहीत.

‘हिशेब’मध्ये जायचं ते विंडोजची कळ आणि एल दाबून, स्क्रीन बंद करून, खातं बदलून. त्याच स्क्रीनवर ‘दुसऱ्या खात्याने चालवा’ असा पर्याय देऊन बँकेचा ब्राउझर उघडायची युक्ती काही जण सांगतात. ती नको. एका डेस्कटॉपवर उघडलेले प्रोग्राम वेगवेगळ्या खात्यांचे असले तरी एकमेकांच्या कळा टिपू शकतात. खातं बदलून गेलं की स्क्रीन आणि कीबोर्ड दोन्ही वेगळे होतात.

अडचणी येतील. काही जुनी सॉफ्टवेअर आपल्या नोंदी प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरातच लिहितात आणि स्टँडर्ड खात्यात रुसतात. त्यासाठी खातं परत ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. ‘मालक’मधून त्या एका सॉफ्टवेअरच्या फोल्डराला ‘दुकान’साठी बदल करण्याची परवानगी द्या, बहुतेक वेळा काम होतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर ‘मालक’मधून एकदा टाकावा लागेल. टोकन मात्र ‘हिशेब’च्या कामापुरतंच लावा, एरवी ते खिशात.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. तुमच्या डाउनलोड्समध्ये आत्ता गावातल्या कितीतरी लोकांची आधार कार्डं, पासबुकं, दाखले पडून असतील. लोकांनी ती तुमच्या तोंडाकडे बघून दिलेली आहेत. दुकान बंद करताना ती रोज पुसा, रिसायकल बिनसकट. गिऱ्हाइकाला स्वतःच्या मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये शिरायचं असेल तर ब्राउझरची ‘गेस्ट’ खिडकी उघडून द्या. ती बंद केली की लॉगिन आणि कुकी मागे राहत नाहीत. उतरवलेली फाइल मात्र राहते, ती हातानेच पुसावी लागते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घरी उबंटू वापरतो. लिनक्सवर पहिल्यापासूनच मर्यादित खातं असतं ना? मग मला याची काही गरज आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर, तुम्ही म्हणता ते खरं आहे. उबंटूत रोजचं काम रूटने, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याने होत नाही आणि काही बसवायचं तर पासवर्ड लागतो. पण वर लिहिलेली मर्यादा इथेही तशीच लागू आहे. नातवंडांचे फोटो आणि पेन्शनचे कागद तुमच्याच खात्याचे आहेत, ते पुसायला रूट लागत नाही. उबंटूच्या २२.०४ आणि पुढच्या आवृत्त्यांत फायरफॉक्स स्नॅप रूपात, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या बंद पॅकेजात येतो आणि त्याला तुमच्या घरच्या फोल्डरातल्या लपवलेल्या फाइली, म्हणजे बहुतेक गुप्त किल्ल्या आणि सेटिंग, वाचता येत नाहीत. तेवढं संरक्षण तुम्हाला आयतं मिळालेलं आहे.

तरी बँकेसाठी वेगळं खातं काढा. फक्त एक तपासून घ्या. २१.०४ पासून नव्या बसवलेल्या उबंटूत प्रत्येकाचं घरचं फोल्डर इतर खात्यांना बंद असतं, त्याआधी ते वाचायला उघडं असे. तुम्ही जुनीच आवृत्ती चढवत चढवत इथवर आला असाल, तर फोल्डराच्या प्रॉपर्टीजमध्ये परवानग्या बघा आणि ‘इतर’साठी काहीच ठेवू नका.

प्रश्न : मी संगणक वापरतच नाही, सगळं मोबाइलवर. तिथे ब्राउझरसाठी असं मर्यादित खातं करता येतं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अँड्रॉइडने ते तुमच्यासाठी आधीच केलेलं आहे. तिथे बसवलेल्या प्रत्येक ॲपला लिनक्समधला स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक मिळतो. ब्राउझर एक वापरकर्ता, बँकेचं ॲप दुसरा, आणि एकाला दुसऱ्याच्या सामानात हात घालता येत नाही. ठगांना ही भिंत फोडणं अवघड जातं, म्हणून ते तुमच्याकडूनच दार उघडून घेतात. लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल येते. ती बसवताना एसएमएस वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. ती दिलीत की ओटीपी तिच्या हातात.

सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा. त्या यादीत व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर यांच्यापुढे परवानगी बंद असल्याची खात्री करा. असं ॲप बसवून झालंच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार द्या. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि गोठवणं कठीण होतं.