आयडलिंगला काटा नाचतो? स्क्रूला हात लावू नका

प्रश्न : अण्णा, मामांनी इंग्लंडहून येताना आणलेली १९९२ ची मज्दा एमएक्स-५ आता माझ्याकडे आहे. इंजिन १.६ लिटरचं, गिअर हातानं टाकायचे. सकाळी चालू केली की ठीक असते. गरम झाली की आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या चालू असताना, इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा ६०० ते १२०० नाचतो, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला एसी चालू असेल तर बंदच पडते. पळताना काही तक्रार नाही. एका गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, आयडलचा स्क्रू फिरवून दिला. थोडे दिवस बरी, पुन्हा तेच. दुसऱ्याला स्कॅनर लावायला जागाच सापडली नाही. आता म्हणतात इंजेक्टर बदला, नाहीतर कॉम्प्युटर बदला. काय करू?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : मालक, आधी पाकीट खिशात ठेवा. तुमची गाडी कॉम्प्युटर मागत नाही, कुठूनतरी चोरून हवा पितेय असं मला वाटतं.

स्कॅनरवाल्याला दोष देऊ नका. स्कॅनर जोडायचं ओबीडी-२ चं सॉकेट अमेरिकेतसुद्धा १९९६ पासून सक्तीचं झालं, तुमची गाडी त्याच्या आधीची. स्क्रू फिरवणाऱ्यावर मात्र माझा राग आहे. कार्बोरेटरच्या काळातली ती सवय आपल्याकडं अजून गेलेली नाही. इथं त्या स्क्रूनं पेट्रोल कमी-जास्त होत नाही, थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) बगलेनं जाणारी हवा तेवढी बदलते. वर कॉम्प्युटर त्याच्या आयडल व्हॉल्व्हनं ती परत आपल्या मापात आणू बघतो. म्हणजे दोघांची ओढाताण.

आता हवेचं गणित बघा. एअर फिल्टरच्या पुढं हवा मोजायची पेटी आहे, आत एक झडप. झडप जेवढी उघडेल तेवढं पेट्रोल. त्या पेटीपासून थ्रॉटलपर्यंत रबराचा जाड पाइप जातो, त्याला चुण्या आहेत. तीस वर्षांचं रबर आणि आपला मे महिना, चुणीच्या तळाशी चीर पडतेच. तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. पळताना इंजिन एवढी हवा ओढतं की चिरेतली चिमूटभर हवा कुणाच्या खिजगणतीत नसते. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, तिथं ती भारी पडते. सकाळी थंड इंजिनला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, म्हणून दोष झाकला जातो. गरम झाल्यावर उघडा पडतो. काटा वर गेला की कॉम्प्युटरला वाटतं पाय काढलाय, गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो. काटा पडला की पुन्हा सोडतो. हाच तुमचा नाच.

पाइप जागेवर वरवर बघून उपयोग नाही. काढा, हातानं ताणा, उजेडाकडं धरून प्रत्येक चुणी बघा. मग इंजिनवरचे बारीक व्हॅक्यूम पाइप. कडक झालेले असतील तर टोकाला बोटानंच तुटतील. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकसुद्धा सोडू नका, कारण क्रँककेसमधली (इंजिनच्या तळच्या भागातली) हवा पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून त्याच इंजिनात जाते. एक सोपी परीक्षा सांगतो : गाडी आयडलिंगला असताना ऑइलचं झाकण उघडा. आयडलिंग बिघडलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर हवा आधीच कुठूनतरी शिरतेय असं धरून चाला. गळती शोधायला साध्या पाण्याचा फवारा जोडांवर मारा, वायरी आणि कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) सोडून. आवाज बदलला की जागा सापडली. अगरबत्तीचा धूर फिरवा म्हणणारे भेटतील. पेट्रोलच्या पाइपाशेजारी निखारा न्यायचा नाही म्हणजे नाही.

यात काही सापडलं नाही तर रेडिएटर बघा, इंजिन पूर्ण थंड असताना. आयडलचा आणि कूलंटचा काय संबंध, असं विचाराल. थ्रॉटलखाली मेणाचा एक व्हॉल्व्ह आहे, कूलंटच्या उष्णतेनं मेण फुगतं आणि थंडीपुरती दिलेली जादा हवा बंद होते. कूलंट कमी असेल किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर मेणाला ऊबच पोचत नाही, व्हॉल्व्ह उघडा राहतो. आपल्याकडं बोअरचं पाणी ओतायची खोड आहे, त्याचा क्षार आत धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नको.

तिसरी गोष्ट थ्रॉटलवरचा आयडल स्विच. तुमच्या १.६ मध्ये तो साधा चालू-बंद स्विच आहे. पाय काढल्यावर तो जुळला नाही तर कॉम्प्युटरला गाडी आयडलिंगला आहे हेच कळत नाही, मग एसीचं ओझं आलं की सावरणार कोण? अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणलेली असली तरी हेच होतं. आधी केबलला थोडी ढील आहे का बघा, मग स्विचला मल्टिमीटर लावा.

एवढं करूनही इंजिन थरथरत असेल, एखादा सिलिंडर मरतोय असं वाटत असेल, तर इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढा आणि काट्याकडं लक्ष ठेवा. प्लगची वायर ओढू नका, झटका बसतो आणि कॉइलही जाते. ज्या सिलिंडरला काटा पडत नाही तो काम करत नाही. या इंजिनात एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला ठिणगी देते. तेव्हा १ आणि ४ दोन्ही अशक्त निघाले तर संशय कॉइलवर, एकटा ३ निघाला तर वायर, प्लग किंवा इंजेक्टर. कॉइल इंजिनच्या मागं भिंतीला चिकटून, सगळ्यात तापणाऱ्या जागी बसवलीय. का बसवली असेल, देव जाणे.

स्क्रू शेवटी. इंजिन गरम, एसी आणि दिवे बंद. बॉनेटखाली डायग्नोसिस लिहिलेला छोटा काळा डबा आहे, त्यात टीईएन (TEN) आणि जीएनडी (GND) ही टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा, म्हणजे कॉम्प्युटर मध्ये पडत नाही. टायमिंग लाइटनं ठिणगीची वेळ १० अंशांवर आहे का बघा, मग स्क्रूनं ८५० च्या आसपास आणा. वायर काढायला विसरू नका.

प्रश्न : पेट्रोलच्या टाकीत टाकायची इंजेक्टर क्लीनरची बाटली घ्यावी का? गाडी २००३ ची, आयडलिंगला जरा हलते.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : घेतली तर नुकसान नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. आधी थ्रॉटल बॉडी उघडून काळी खरड पुसून घ्या, एअर फिल्टर बदला. बार्शीच्या धुळीत तो लौकर भरतो. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुने पेट्रोल पाइप फुगलेत का, भेगाळलेत का, वास येतो का, हे बाटलीच्या आधी बघा. वास आला तर गाडी चालू करू नका, गॅरेजवाल्यालाच घरी बोलवा.