वाचकांचे प्रश्न : बफर एकच, मग यादी कशाला?

प्रश्न : प्रोग्रॅमने दिलेला बफर (डिस्कसारख्या उपकरणाशी देवाणघेवाण करायची माहिती ठेवण्याची मेमरीतली जागा) सलग असतो, म्हणजे त्याचा आरंभीचा पत्ता आणि लांबी कळली की पुरे व्हायला हवे. मग विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, त्याच्या वर्णनासाठी ‘मेमरी डिस्क्रिप्टर लिस्ट’ (एमडीएल) ही वेगळी रचना का लागते?
– एक विद्यार्थिनी, राजापूर

उत्तर : बफर सलग असतो तो केवळ प्रोग्रॅमच्या दृष्टीने. प्रोग्रॅमचे पत्ते आभासी असतात. त्यांमागची खरी मेमरी साधारणतः ४,०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असून ती पाने रॅममध्ये जागा मिळेल तिथे विखुरलेली असतात. आपल्याकडच्या आठ-अ उताऱ्यासारखेच हे आहे : खाते एक, पण जमीन पाहायला निघालो तर एक तुकडा भातखाचरात, दुसरा डोंगरावरच्या वरकसात, तिसरा घरामागच्या आगरात. उतारा ते तुकडे क्रमांकांनी ओळीने मांडतो. एमडीएलही तेच करते. तिच्या शीर्षभागात पहिल्या पानातील आरंभबिंदू व एकूण लांबी असते आणि त्यामागे प्रत्यक्ष पानांच्या क्रमांकांची यादी येते.

हिशेब करून पाहा. १०,००० बाइटांचा बफर पानाच्या ३,०००व्या बाइटापासून सुरू झाला, तर पहिल्या पानात १,०९६, पुढच्या दोन पानांत प्रत्येकी ४,०९६ आणि शेवटच्या पानात ७१२ बाइट पडतात. तीन पाने पुरतील असे वाटत असता चार लागतात.

नुसता आभासी पत्ता न पुरण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. डिस्कचे काम पुरे होईपर्यंत प्रोसेसरवर दुसराच प्रोसेस, म्हणजे दुसराच चालता प्रोग्रॅम, असू शकतो आणि त्याच्या लेखी त्याच पत्त्याचा अर्थ निराळा असतो. शिवाय मधल्या काळात एखादे पान रॅममधून हलवले गेले, तर उपकरण भलत्याच जागी लिहील. म्हणून ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारा प्रोग्रॅम, पाने आधी जागच्या जागी कुलूपबंद करवून घेतो, जसे मोजणी चालू असताना हद्दीचे दगड कोणी हलवू नयेत. हे कुलूप काढायचे राहिले आणि प्रोसेस संपला, तर विंडोज ‘प्रोसेस हॅज लॉक्ड पेजेस’ असे बजावून सबंध यंत्रणाच थांबवते.

कीबोर्डसारख्या थोड्या माहितीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. तिथे कर्नल स्वतःच्या बफरात प्रत काढून भागवतो. लिनक्समधील ‘बायो-व्हेक’ ही याच कामाची रचना मात्र प्रत्येक तुकड्याचे पान, लांबी आणि आरंभबिंदू स्वतंत्रपणे नोंदवते, त्यामुळे मधला तुकडाही अर्धवट असू शकतो. एमडीएलमध्ये ती सोय नाही.