पुराच्या पट्ट्यात राखणीला कुत्रा घ्यायचा तर गावठीच घ्या

इथं एका दादांनी प्रश्न विचारलाय की घर नदीकाठी आहे, पूर येतो, लाईट जाते, गाव ओस पडलं की चोऱ्या होतात, तर अशा वेळी घर आणि माणसं राखायला रॉटवायलर घेऊ, जर्मन शेफर्ड घेऊ की मुधोळ, बजेट चाळीस हजार. आणि शेवटी लिहिलंय "गावठी सोडून सांगा". त्या तीन शब्दांसाठी मी हे लिहायला बसले.

आमचं घर शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या खालच्या अंगाला, गावठाणापासून बाजूला मळ्यात. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की आमच्याकडं सामान माळ्यावर चढवायला सुरुवात होते, ते दरवर्षीचंच आहे. २०१९ चं तसं नव्हतं. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती, आणि सगळा तालुका आपापल्या तशाच खुणेवर विसंबून बसला होता की त्याच्यावर काय पाणी जात नाही. तिकडं कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, पेट्रोल, दूध, भाजी सगळं अडकलं.

तेव्हा आमच्या मळ्यात दोन कुत्री होती. एक काळी, आमचीच, गावठी, पिल्लू असल्यापासून गोठ्यात वाढलेली. दुसरा ब्रुनो, रॉटवायलर, माझ्या धाकट्या दिरांनी आदल्या वर्षी कोल्हापुरातून आणलेला, वंशावळीचे पेपर असलेला, त्याच्या बापाचे फोटो मोबाईलमध्ये दाखवायचे भावजी येणाऱ्या-जाणाऱ्याला. ब्रुनो आला त्याच आठवड्यात भावजी म्हणाले की आता काळीचं काय काम, गावठीमुळं गोचीड येतात, तिला पोत्यात घालून कारखान्याच्या रस्त्याला सोडून येतो. मी सरळ सांगितलं की ती जाणार नाही. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. "वहिनी, पाळायचा तर दर्जाचा पाळावा, गावठी काय उपयोगाचा" हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि तुमच्या प्रश्नात मला तेच ऐकू आलं म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाणी मळ्यात शिरलं ती रात्र. लाईट आधीच गेलेली. काळी गोठ्यात वैरणीवर झोपायची. ती दाराशी आली आणि नखांनी दार ओढायला लागली, भुंकत नव्हती, नुसती ओढत होती आणि बारीक कण्हत होती. दार उघडलं तर तिच्या पोटाखालचे केस ओले, आणि मागं गोठ्यात बसलेल्या म्हशी सगळ्या उठून उभ्या. बॅटरी मारली तर गव्हाणीखाली पाणी हलत होतं. लोक म्हणतात कुत्र्याला पूर आधी कळतो, भूकंप आधी कळतो, असल्या भरवशावर कुणी राहू नका, तिचं अंथरूण भिजलं म्हणून ती आली. पण ती मोकळी होती म्हणून येऊ शकली, आणि ती उगाच कधी दार वाजवत नाही हे आम्हाला ठाऊक होतं म्हणून आम्ही उठलो. ब्रुनो पण भुंकत होता की. संध्याकाळपासून भुंकत होता. पण तो दुधाची गाडी गेली तरी भुंकायचा, पाहुणा आला तरी, पाऊस पत्र्यावर वाजला तरी, मग त्या भुंकण्याला कोण उठून बघणार? राखणीच्या कुत्र्याचं सगळं मोल ह्यात आहे, की तो भुंकला तर माणूस अंथरुणातून उठतो का.

ह्यांनी आणि भावजींनी म्हशींची दावी सोडली आणि उजाडायच्या आत त्यांना उंचावर नेलं. पण परत यायला वाट राहिली नाही, ते छातीएवढ्या पाण्यातून आले. सकाळी गावातली पोरं गुऱ्हाळाची काहील घेऊन आली, आमच्याकडं पुरात माणसं अशीच काढतात. ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते, काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी पसरट कढई, पाण्यावर तरंगते पण तिला ना पुढचं टोक ना मागचं, गोल गोल फिरते, आणि आत एक माणूस नुसता उठून उभा राहिला तरी कलंडते. त्यात सासूबाई, मी, दोन्ही पोरी आणि ढकलणारी दोन पोरं पाण्यात. माझ्या थोरलीनं काळीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली, पंधरा-सोळा किलोची कुत्री ती, गप्प राहिली. थरथरत होती, पण हलली नाही.

ब्रुनो पन्नास किलोच्या आसपास. त्याला अनोळखी माणूस चालत नव्हता, तसाच तयार केला होता ना त्याला, "कुणाला जवळ येऊ देत नाही" हे कौतुकानं सांगायचे भावजी. काहील धरलेली पोरं बघून तो असा उसळला की पोरं मागं सरकली आणि स्पष्ट म्हणाली, ह्याला नाही नेणार, बुडवेल सगळ्यांना. तोंडाला जाळी घालायची तर ती कधी सवयच लावलेली नव्हती. नंतर इंजिनाची बोट आली तिनंही नेला नाही. मग भावजी त्याला घेऊन स्लॅबवर राहिले. पाणी उतरेपर्यंत एक माणूस स्लॅबवर, पावसात, ताडपत्रीखाली, चिवडा-बिस्किटं आणि पिण्याचं पाणी कुत्र्याबरोबर वाटून घेत. खाली घरात राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळं पाण्यात. आणि सासूबाई तिकडं जयसिंगपुरात शाळेच्या व्हरांड्यात जेवायच्या नाहीत, पोरगा तिकडं अडकलाय म्हणून. राखणदार कुत्रा माणसाला राखतो की माणूस त्याला, हे तुम्हीच ठरवा.

आता पाणी उतरल्यावरचं सांगते, कारण कुत्र्याचं खरं काम तेव्हा सुरू होतं आणि त्याचा कुणी विचारच करत नाही. घरात गुडघाभर गाळ, लाईट नाही, आणि साप. पुरात वाहून आलेली जनावरं जिथं कोरडा कोपरा मिळेल तिथं शिरतात. आम्ही चिखल काढत होतो तर काळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबली. पुढचा एक पाय उचललेला, मान ताणलेली, आणि तोडून तोडून भुंकणं, जवळ मात्र जाईना. पालथ्या पडलेल्या कपाटाखालून आवाज आला, कुकरच्या शिट्टीसारखा. घोणस. पोरी तिथंच अनवाणी फिरत होत्या हो. सर्पमित्राला बोलावला, त्यानं काढली. गावठी कुत्र्याला मागं राहून भुंकायचं कळतं. ब्रुनोसारखा अंगावर जाणारा असता तर तो डसून घेऊन मेला असता, असं मी भावजींच्या तोंडावर बोलले आहे आणि अजून बोलते.

ब्रुनोला नंतर गोचीडतापानं गाठलं, डॉक्टर, सलाईन, सगळं झालं, वाचला. आता पन्हाळ्याकडं भावजींच्या मित्राच्या फार्महाउसवर आहे आणि सुखात आहे. भावजी म्हणतात त्यात कुत्र्याचा दोष नव्हता. नव्हताच. कुत्रा उत्तम होता, दोष निवडीचा होता.

तर तुमच्या तीन जाती. रॉटवायलर नको, का ते वर सांगितलं. शिवाय मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं त्यात रॉटवायलर होता, पुढं कर्नाटक हायकोर्टानं ते रद्द केलं, पण उद्या शेजाऱ्याला चावला तर भांडण तुम्हालाच निस्तरायचंय. जर्मन शेफर्ड हुशार, शिकवलेलं लगेच घेतो, पण दुहेरी केसांचं कुत्रं आपल्या पावसाळ्यात नीट वाळत नाही, कातडीचे रोग येतात, आणि पैदास करणारे नीट नसतील तर आई-बापाकडून आलेला कमरेच्या सांध्याचा त्रास पुढं सुरू होतो. मुधोळ म्हणजे आपला कारवानी, सैन्यानं २०१६ मध्ये मेरठला पिल्लं नेली, पंतप्रधानांनी नाव घेतलं, तेव्हापासून सगळ्यांना हवाय. देखणा आहे, इमानी आहे, आपल्या मातीतला आहे, पण तो नजरेनं शिकार धरून पळणारा कुत्रा, त्याला पळायला रान लागतं, अंगावर चरबी नाही, पातळ कातडी, ओल्या गारठ्यात कुडकुडतो. रान असेल तर घ्या, तिघांत तोच बरा. लॅब्राडोर कुणी सुचवेल, तो चोराला घर दाखवेल, विषय संपला.

गावठीत घ्यायचं तर मादी घ्या, हुंदडत लांब जात नाही, वेळेवर ऑपरेशन करून घ्या. आईपासून पिल्लू सात-आठ आठवड्यांच्या आत तोडू नका, आणि आधी त्या आईला जाऊन बघा. ती अनोळखी माणसाला बघून भुंकते पण मालकानं गप म्हटलं की थांबते, अशी हवी. घाबरून शेपटी घालून पळणारीचं नको आणि न भुंकता मागून येणारीचं तर अजिबात नको. पिल्लाला लहानपणीच चार माणसांनी उचलायची, गाडीत बसायची, पोत्यात-टोपलीत राहायची आणि तोंडाला जाळी घालून घ्यायची सवय लावा. भाकरी-ताक, उरलेला भात, अंडं, सगळं खायला शिकवा, कारण पाकिटातलं खाणं पुरात कुठून आणणार. जमलं तर दोन ठेवा, एकाला ऐकू आलं नाही तर दुसऱ्याला येतं.

आणि पाणी येणार असं कळलं की पहिली साखळी सोडायची, मग सामान. कुत्र्याची, म्हशीची, सगळ्यांची दावी. २०२१ च्या जुलैला परत पाणी आलं तेव्हा आमच्याकडं एकही जनावर बांधलेलं नव्हतं.

आता हेही सांगितलं पाहिजे, सगळी गावठी काळीसारखी निघत नाहीत. गावठीसुद्धा चावतं, पोरांना तर जास्त. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी, ते कार्ड सातबारा आणि रेशनकार्डाबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, निवाऱ्याच्या ठिकाणी दाखवायला उपयोगी पडतं. उंदरांच्या मुतानं पुराच्या पाण्यात लेप्टो नावाचा तापाचा आजार पसरतो, तो कुत्र्यालाही होतो, त्याचीही लस मिळते, जूनच्या आधी द्या. निवाऱ्यात कुत्रं घेतील असं धरून चालू नका, उंचावरच्या कुठल्या पाहुण्याकडं ठेवायचं ते मे महिन्यातच बोलून ठेवा. फ्लॅटमध्ये राहत असाल किंवा दिवसभर घरी कुणी नसेल तर कुठलाच कुत्रा घेऊ नका. आणि हत्यार घेऊन, ठरवून आलेल्या माणसाला कुठलाही कुत्रा अडवत नाही, तो तुम्हाला जागं करतो एवढंच, पुढचं तुम्ही आणि शेजारी.

चाळीस हजारांचं म्हणाल तर गावठी पिल्लाला पैसे लागत नाहीत, लसी आणि ऑपरेशन धरून थोडक्यात भागतं. उरलेल्यात स्लॅबवर जायला बाहेरून पक्का जिना करून घ्या. आमच्याकडं भावजी शिडीनं चढले होते आणि ब्रुनोला दोरानं वर ओढावं लागलं होतं.