शेतजमिनीवर होणाऱ्या निवृत्तांच्या वसाहतीत रो हाऊस घ्यावे का?

सांगली-मिरज भागात एका कुटुंबाच्या जुन्या मळ्यावर निवृत्तांसाठी वसाहत होत असून तिथे आई-वडिलांसाठी रो हाऊस घ्यावे का, असे आपण विचारले आहे. घ्यावे, मात्र सॅम्पल हाऊस पाहण्याआधी त्या मळ्याचे जुने सातबारा व फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढावेत आणि त्या घरातील मुलींच्या सह्या दस्तांवर आहेत का, हे तपासावे.

आमचा हळदीचा मळा अशाच वसाहतीसाठी गेला. वडिलांच्या पश्चात वारसनोंदीत आम्हा बहिणींची नावे लागली होती. बिल्डर दारात येताच दादांनी भाऊबीजेला बोलावून साडीबरोबर हक्कसोडपत्राचा मसुदाही पुढे ठेवला. धाकटीने होकार दिला, मी दिला नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क असल्याचे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने ठरवले आहे आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नणंदेच्या हट्टापायी सौदा मोडणार, असे वहिनींनी भावकीत पसरवले. सौदा मोडला नाही. बिल्डरच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालात, माझ्या हिश्श्यावर बोट ठेवले, तेव्हा दादाच माझ्याकडे आले आणि हिश्श्यापोटी मला तेथील एक रो हाऊस मिळाले. बहिणीने माहेर तोडले, असे ते आजही म्हणतात. माहेरची जमीन विकायला काढणाऱ्याने हे म्हणावे, याचे मला नवल वाटते. त्या वसाहतीत ज्यांच्या मुलांनी कर्ज काढले, त्यांना ते निर्वेध दस्तांवर मिळाले, आणि त्या दस्तांवर माझी सही आहे.

बिगरशेती आदेश आणि महारेरा नोंदणी आपण पाहालच. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये घालून दिलेल्या निकषांप्रमाणे दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, म्हणून टेप घेऊन जावे. झोपण्याची खोली वरच्या मजल्यावर असेल, तर जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, ते वृद्धांचे घर नव्हे.

एक राहिलेच: जमीन कृष्णाकाठची असेल, तर माझा वरचा होकार लगेच धरू नये. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पूररेषेचा नकाशा आधी पाहावा.

आणि वडिलांची शेती विकून हे घर घेणार असाल, तर बहिणींचा हिस्सा त्यांच्या खात्यावर जमा करून मगच पुढचा दस्त करावा.