महिन्यावर टायपिंग टेस्ट आली. आता पद्धत बदलू का?

प्रश्न : ऑफिस असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केलाय. महिन्याने टायपिंग टेस्ट आहे, मिनिटाला ३५ शब्दांचा वेग हवा. मी लॅपटॉपवर की-बोर्डकडे बघत तीन-चार बोटांनी टाइप करते, वेग २८ येतो. आता सगळ्या बोटांनी शिकू, की आहे तोच वेग वाढवू?

उत्तर : रोज पाऊण तास देता येत असेल, तर बेलाशक पद्धत बदल. आठवडाच उरला असता, तर मी उलटं सांगितलं असतं.

तुझी खरी अडचण बोटांत नाही, नजरेत आहे. टेस्टमध्ये उतारा बघून टाइप करायचं असतं. नजर उताऱ्यावरून की-बोर्डवर, तिथून स्क्रीनवर आणि पुन्हा उताऱ्यावर गेली की दरवेळी जागा शोधावी लागते. त्या शोधाशोधीत वेळ जातो, कधी अख्खी ओळ सुटते.

एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. तर्जन्या तिथे, बाकीची बोटं शेजारच्या बटणांवर. बटण दाबून झालं की बोट परत आपल्या जागी. सुरुवातीला वेग २८ च्या बराच खाली येईल. तेव्हा धीर सोडून जुन्या सवयीकडे वळू नकोस, एवढीच माझी कळकळीची विनंती.

वेग मोजताना सहसा पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात, स्पेसही ठोकाच. म्हणजे तुला मिनिटाला १७५ ठोके हवेत. आता चुकांचा हिशेब बघ. पाच मिनिटांत १,००० ठोके पडले, तर झाले २०० शब्द, वेग ४०. प्रत्येक चुकीला एक शब्द कापला जात असेल, तर १५ चुकांनंतर ३७ उरतो. ३० चुका झाल्या तर ३४, म्हणजे नापास! म्हणून आधी अचूकता. ती जमेपर्यंत घड्याळ लावूच नकोस.

चुका कशा कापतात, बॅकस्पेस चालतो का, हे टेस्टच्या सूचनांमध्ये आजच बघून घे. चालत नसेल, तर सरावातही त्याला हात लावू नकोस. रोज नवा उतारा घे, त्यात तारखा, रकमा, विरामचिन्हं असू देत; पाठ झालेल्या उताऱ्यावरचा वेग फसवा असतो. आणि शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी डेस्कटॉपचा की-बोर्ड मिळव. लॅपटॉपपेक्षा त्याची बटणं सहसा खोल दाबावी लागतात, बोटांना ते आधीच कळलेलं बरं.