बॅडमिंटन हॉर्स ट्रायल्सला पहिल्यांदा जाताना: कुठे उभं राहायचं, काय बघायचं

तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्यात इंग्लंडमधल्या बॅडमिंटन गावची हॉर्स ट्रायल्स ही घोडेस्वारीची स्पर्धा बघायला पहिल्यांदाच जाणार, हाताशी दोनच दिवस, स्वतः ८० सें.मी.च्या वर्गात उड्या घेता. मग कोणते दिवस धरायचे, कुठे उभं राहायचं, आणि फाइव्ह स्टारची, म्हणजे सर्वोच्च पातळीची, स्पर्धा बघून आपल्यासारख्या हौशी स्वाराच्या हाती काही लागतं का?

मी तीनदा जाऊन आलेय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. हाती खूप काही लागतं, पण त्यासाठी नजर उडीच्या आधीच्या सहा-सात स्ट्राइड्सवर, म्हणजे घोड्याच्या ढांगांवर, ठेवावी लागते. १.२० मीटरचं भरीव लाकूड ओलांडणारा घोडा तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. जम्पकडे, म्हणजे अडथळ्याकडे, येताना स्वार काय करतो, ते मात्र ८० सें.मी.लाही तेच असतं.

शुक्रवार आणि शनिवार धरा. एरवी ड्रेसाज (रिंगणात ठरलेल्या चाली करून दाखवणं) गुरुवार-शुक्रवारी, क्रॉस-कंट्री (मोकळ्या मैदानातले भरीव जम्प वेळेत पार करणं) शनिवारी आणि शो जम्पिंग (रिंगणातले धक्क्याने पडणारे दांडे ओलांडणं) रविवारी असतं. तिकीट काढण्याआधी वेळापत्रक मात्र बघा. २०२३ साली राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकामुळे क्रॉस-कंट्री रविवारी आणि शो जम्पिंग सोमवारी झालं होतं.

शुक्रवारी सकाळी पोचलात की दुकानांच्या गल्ल्यांत शिरू नका. आधी क्रॉस-कंट्रीचा ट्रॅक पायी फिरून या. प्रेक्षकांनाही तो चालता येतो, आणि ही संधी सोडू नये. या पातळीला ट्रॅक सव्वासहा ते पावणेसात किलोमीटरचा असतो, त्यामुळे रमतगमत अडीच-तीन तास जातात. कागदावर उंची वाचून काही कळत नाही. जम्पच्या समोर उभं राहिलं की माथ्याची रुंदी दिसते, ती दोन मीटरपर्यंत असू शकते. पलीकडे गेलं की जमीन किती खाली गेलीय ते दिसतं. प्रत्येक मोठ्या जम्पची मागची बाजू बघाच, कारण घोड्याला ती येताना दिसत नसते.

चालताना जम्पच्या दोन्ही बाजूंच्या झेंड्यांकडे लक्ष द्या: लाल उजवीकडे, पांढरा डावीकडे. कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ लागून आलेल्या जम्पमध्ये, स्ट्राइड्स पावलांनी मोजा. घोड्याची एक स्ट्राइड साधारण १२ फुटांची, म्हणजे तुमची तीन-तीन फुटांची चार मोठी पावलं. त्याशिवाय घोडा जमिनीवर टेकायला दोन पावलं आणि पुढची उडी उचलायला दोन. बारा पावलं भरली की दोन स्ट्राइड्सचं अंतर समजा. मग सरळ वाट सोडून लांबची वाट कुठून जाते ते शोधा आणि स्वतः स्वार असतात तर काय निवडलं असतं ते मनाशी ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथे उभं राहून बघताना या ठरवण्याचा फार उपयोग होतो.

दुपारी ड्रेसाज बघा, पण मुख्य रिंगणाइतकाच वेळ वॉर्म-अपला द्या. आत दिसते ती परीक्षा, बाहेर दिसतं काम. पोटात दाणे गेलेला, अंगात दमखम भरलेला घोडा उद्याच्या क्रॉस-कंट्रीसाठी उतावीळ असतो. त्याच्याकडून आज शांत चालीत वॉक काढून घेणं किती अवघड, ते तिथे कळतं.

गुणांचं गणित सोपं आहे. ड्रेसाजमध्ये मिळालेली टक्केवारी शंभरातून वजा करा, उरतात ते दंडगुण, आणि ते शेवटपर्यंत पाठीशी राहतात. टोकियो ऑलिंपिकमधल्या आपल्या भारताच्या फवाद मिर्झाचं उदाहरण घ्या. ड्रेसाजनंतर त्याच्या नावावर २८ दंडगुण होते. क्रॉस-कंट्रीत त्याचा घोडा सिन्यॉर मेडिकॉट एकदाही अडला नाही, पण ठरलेल्या वेळेपेक्षा २८ सेकंद जास्त लागले. सेकंदाला ०.४ प्रमाणे ११.२० वाढले आणि बेरीज ३९.२० झाली. घोडा अडला तर पहिल्या वेळी २०, त्याच जम्पवर पुन्हा अडला तर ४०. काही जम्पना जोराची धडक बसल्यावर सुटणाऱ्या क्लिपा असतात. त्या सुटल्या की ११. घोड्याचा जीव वाचवणारी ती सोय आहे, तेव्हा ते ११ कोणाला अन्यायाचे वाटले तरी मला रास्त वाटतात. घोडा किंवा स्वार पडला की स्पर्धा तिथेच संपते.

आता शनिवार. पहिल्या वर्षी मी सगळे जम्प बघायचे म्हणून घोड्यांमागे दिवसभर पळत होते. प्रत्येक ठिकाणी एखाद-दुसरा घोडा दिसायचा, तोही गर्दीच्या खांद्यांमधून. संध्याकाळी पाय सुजले होते आणि सांगण्यासारखं एकही निरीक्षण नव्हतं. दुसऱ्या वर्षी एकच कॉम्बिनेशन निवडलं आणि पहिले बारा घोडे तिथून हललेच नाही. तेव्हा कुठे बघायला शिकले.

एका जागी थांबलं की फरक दिसू लागतो. सुरुवातीचे स्वार ट्रॅक पायी फिरताना ठरवलेल्या आराखड्यानुसार सरळ वाटेने येतात. दोघा-तिघांना त्रास झाला की बातमी मागे पोचते, आणि आठव्या-नवव्या घोड्यापासून कोणी वेग कमी करून येतो, कोणी वळण रुंद घेतो, कोणी आपला घोडा ओळखून लांबची वाट धरतो. तीच जागा, तेच लाकूड, आणि निर्णय दहा तऱ्हेचे.

बघायचं काय? घोडा उघड्या मैदानातून मिनिटाला ५७० मीटरच्या वेगाने येतो. जम्पच्या बरंच आधी स्वाराचं धड उभं होतं. चांगल्या स्वाराच्या हातात त्या वेळी ओढाताण दिसत नाही. खांदे वर येतात, मांड खोल बसते, घोड्याचं वजन मागच्या पायांवर जातं, कान जम्पकडे टवकारतात. ते कान टवकारलेले दिसले की उडी बहुधा बरी जाते. ज्याला हे जमलेलं नाही तो अगदी जवळ आल्यावर लगाम खेचतो, घोड्याचं डोकं वर जातं आणि नेमक्या महत्त्वाच्या क्षणी त्याला जम्प दिसेनासा होतो. माझा घोडा दोन वर्षं भरीव जम्पवर अडत होता त्याचं कारण मला प्रशिक्षकाच्या शंभर सूचनांनी कळलं नव्हतं, ते तिथे दोरीपाशी उभं राहून कळलं. मीच शेवटच्या तीन स्ट्राइड्समध्ये त्याच्या तोंडाशी भांडत होते.

वेळेचंही तसंच. वेळेत येणारे स्वार बाकीच्यांपेक्षा फार जोरात पळतात असं नाही. जम्पच्या आधी ते कमी खोळंबतात आणि टेकल्यावर दुसऱ्याच स्ट्राइडला पुढे निघालेले असतात. घड्याळ लावून एकाच टप्प्यावर दोन घोडे मोजून बघा.

पाण्याजवळची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उंचावरून पाण्यात उडी होती आणि लगेच पुढे चिंचोळा जम्प. एक कुमैत घोडी आत पडताना पुढच्या पायांवर खचली, नाक पाण्याला लागलं. वर बसलेली बाई मागे रेलली आणि तिने लगाम बोटांमधून सरकू दिला, पार बकलापर्यंत. घोडीला मान लांब करायला मोकळीक मिळाली, तिने स्वतःला सावरलं. पुढच्या दोन स्ट्राइड्समध्ये त्या बाईने एकेक हात पुढे टाकत लगाम गोळा केला, आणि या सगळ्यात तिची नजर एकदाही पाण्यात गेली नाही, ती पुढच्या झेंड्यांवरच होती. घोडी कान पुढे करून चिंचोळ्या जम्पवरून सरळ गेली. घरी आल्यावर मी आठवडाभर नुसत्या वॉकवर लगाम सोडायचा आणि गोळा करायचा सराव केला. तुम्हीही करा, कुठलाही जम्प न लावता होतो.

मांड म्हणजे काय हे या मैदानाने पूर्वीही दाखवलंय. १९९५ साली न्यूझीलंडचा स्वार मार्क टॉड याच्या रिकिबीचा पट्टा तुटला आणि त्याने बर्टी ब्लंट या घोड्यावर जवळजवळ दोन तृतीयांश ट्रॅक एकाच रिकिबीवर पार केला. पुढच्या वर्षी तो त्याच घोड्यावर जिंकला. ब्रिटिश स्वार लुसिंडा ग्रीनने १९७३ ते १९८४ या काळात ही स्पर्धा सहा वेळा जिंकली, सहाही वेळा वेगळ्या घोड्यावर. घोडा चांगला मिळाला म्हणून जमलं, असं म्हणणाऱ्यांनी हे सहा घोडे आठवावेत.

बॅडमिंटन हाउस या तिथल्या मोठ्या घरासमोरच्या तळ्यापाशी, म्हणजे प्रसिद्ध ‘लेक’पाशी, गर्दी सगळ्यात जास्त असते. ते शुक्रवारीच निवांत बघून घ्या आणि शनिवारी लांबचं, कमी नावाजलेलं कॉम्बिनेशन पकडा. तिथे दोरीला लागून उभं राहता येतं, घोड्याचा श्वास ऐकू येतो. ट्रॅक ओलांडताना शिट्टी ऐकली की जागीच थांबा. घोडा तुमच्या अंदाजापेक्षा कितीतरी लवकर येतो. कुठे अपघात झाला तर मागच्या घोड्यांना ट्रॅकवरच थांबवतात. अशा वेळी पडद्यामागे काय चाललंय ते बघायला धावू नका, फोनही वर काढू नका. तुमच्यासमोर घोडा थांबवला असेल तर त्याच्याकडे बघा: स्वार त्याला गोल गोल चालवत शांत ठेवतो, आणि पुन्हा सोडायची वेळ आली की थोडक्यात अंग मोकळं करून त्याला परत भानावर आणतो. हे कुठल्या शिकवणीत सहसा दाखवत नाहीत.

किरकोळ सूचना: गमबूट हवेतच. २०२३ मध्ये पावसाने जमीन इतकी जड झाली की ट्रॅकचं अंतर कमी करावं लागलं. शनिवारी गाडीने येणार असाल तर भल्या सकाळी या. गाव लहान आहे, रस्ते अरुंद आहेत. ट्रॅकचा नकाशा असलेली छापील पुस्तिका घ्या. दुकानांत हातमोजे, पट्टे, काय हवं ते घ्या, पण खोगीर घेऊ नका. घोडा बरोबर नसताना खोगीर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने जोडे घेणं.

एक दिवस वाढवता आला तर दोन पर्याय आहेत. मुख्य स्पर्धेच्या आधी त्याच उद्यानात ९० आणि १०० सें.मी.च्या हौशी स्वारांची ग्रासरूट्स अजिंक्यपद स्पर्धा होते. नोकरी सांभाळून पहाटे पागा साफ करणारी माणसं तिथे उतरतात, आणि तुमच्या पातळीला ती सगळ्यात जवळची. ती बघून तुम्हालाही फॉर्म भरावासा वाटेल.

दुसरा पर्याय रविवारची सकाळ. शो जम्पिंगच्या आधी घोड्यांची तपासणी असते. आदल्या दिवशी साडेसहा किलोमीटर पळालेले घोडे धुऊन, आयाळ विणून घरासमोर आणतात आणि पंचांसमोर कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवतात. जरा लंगड दिसली तर घोडा बाजूला. मी गेले त्या वर्षी अगदी पुढे उभी होते. एका घोड्याला बाजूच्या चौकोनात पुन्हा तपासायला नेलं तेव्हा त्याच्या मोतद्दार मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. रात्रभर त्या पायांवर बर्फ लावत तीच बसली असणार. घोडा परत आला, पुन्हा पळाला, आणि ‘पास’ म्हटल्यावर तिने आधी त्याचे पुढचे दोन्ही पाय हाताने चाचपून पाहिले, मग डोळे पुसले.